पार्श्वभूमी : मेजर मराठी, सोबत सिनेमा – अडते कुठे?

भाषा मेजर (पदवीचा मुख्य विषय) ठेवून सोबत सिनेमा-टीव्ही शिकता येतो का, हा प्रश्न दर जूनमध्ये वणी, आर्वी, मोर्शी, ब्रह्मपुरीच्या प्रवेश खिडकीवर येतोच. शिकता येतो, हे उत्तर खरे. पण अर्जातल्या कोणत्या रकान्यात, इथे गाडी अडते.

मागचे थोडक्यात. 1932 चा पहिला मराठी बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. म्हणजे पडदा बोलू लागला त्याच दिवशी भाषेचा प्रश्न उभा राहिला. शिक्षणाच्या वाटा मात्र वेगळ्याच राहिल्या. पुण्यात 1960 साली सिनेमाचे शिक्षण सुरू झाले, दिल्लीतले टीव्हीचे प्रशिक्षण 1974 मध्ये तिथेच आले, पण गावाकडच्या बी.ए.शी त्याचा काही संबंध नव्हता. 1975-76 च्या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत टीव्ही पोचला. त्यात महाराष्ट्र नव्हता.

खरी सुरुवात 1994-95 ची. पदवीच्या व्यवसायीकरणाची योजना आली आणि बी.ए.च्या तीन विषयांपैकी एक व्यावसायिक घेता येऊ लागला. यादीत फंक्शनल हिंदी, फंक्शनल इंग्लिश होते, तसेच मास कम्युनिकेशन व व्हिडिओ प्रॉडक्शनही होते. गंमत अशी की भाषा आणि व्हिडिओ एकाच यादीत बसवल्यामुळे ते सोबती न होता पर्याय झाले. ज्याने कॅमेरा घेतला, त्याची उपयोजित भाषा सुटली. पुढे टेपवर चालणारे कॅमेरे कालबाह्य झाले, ओलाव्याने कॅसेटना बुरशी धरली, आणि विषय बऱ्याच ठिकाणी कागदावर उरला.

आताचा गुंता नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी निघालेल्या 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयापासूनचा आहे. स्वायत्त महाविद्यालयांत तो 2023-24 पासून, संलग्नित महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला. मायनर (दुय्यम विषय) मेजरच्याच विद्याशाखेतला चालतो, दुसरीतलाही चालतो. ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक पेपर) मात्र मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच हवा. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने विद्याशाखा चार केल्या : विज्ञान-तंत्रज्ञान, वाणिज्य-व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय. मराठी मानव्यविज्ञानात. पत्रकारिता, जनसंज्ञापन आंतरविद्याशाखीयमध्ये.

आता 'चित्रपट रसास्वाद' हा पेपर घ्या. तो इंग्रजी विभागाने मांडला तर मानव्यविज्ञानात मोडतो आणि मराठी मेजरच्या मुलीला ओपन इलेक्टिव्ह म्हणून मिळत नाही, शेजारच्या बी.एस्सी.च्या मुलाला मिळतो. तोच पेपर, तेच घटक, जनसंज्ञापनाच्या यादीत असला की तिला चालतो. पण तालुक्याच्या महाविद्यालयात जनसंज्ञापन विभाग असतो कुठे? नियमाचा हेतू विद्यार्थ्याने आपल्या शाखेबाहेर पाहावे हा होता. ज्याला भाषेतूनच सिनेमाकडे जायचे आहे, त्याचीच वाट त्याने बुजली.

त्यात 'आधुनिक भाषा' या शब्दाचा घोळ. युरोपात या शब्दाचा अर्थ ग्रीक-लॅटिन सोडून आजच्या बोलत्या भाषा. ब्रिटनमधल्या फिल्म आणि मॉडर्न लँग्वेजच्या जोडपदवीत सहसा एक वर्ष त्या भाषेच्या देशात काढायचे असते आणि पदवी चार वर्षांची होते. आपल्याकडे भाषिक क्षमतावृद्धीच्या 8 श्रेयांकांपैकी (क्रेडिट) 4 इंग्रजीचे, 4 'मॉडर्न इंडियन लँग्वेज'चे. फ्रेंच-जर्मन त्यात बसत नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात ठरली, पालीही ठरली. म्हणजे मराठी एका कागदावर अभिजात, दुसऱ्यावर आधुनिक. आणि विदर्भात बी.ए.ला पाली घेणाऱ्यांची परंपरा असूनही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही. पालक विचारतात, 'आधुनिक म्हणजे नेमकी कोणती?' खिडकीवरचा बाबू माहितीपुस्तिका पुढे सरकवतो.

वेळापत्रकाचे गणित वेगळेच. थिअरीचा एक श्रेयांक 15 तासांचा, प्रात्यक्षिकाचा 30 तासांचा. तासिका 48 मिनिटांची. दोन तास चोवीस मिनिटांचा सिनेमा बरोबर तीन तासिका खातो, तोही तीन दिवसांत तुकडे करून. मधल्या दिवशी एसटी चुकलेल्याला कथाच कळत नाही. म्हणून सिनेमा थिअरीत टाकणे चूकच. त्याला सलग प्रात्यक्षिक लागते.

यातून निघणारी एक वाट फारशी वापरली जात नाही. व्होकेशनल स्किल कोर्स हा मेजरशी निगडित असावा लागतो, तिथे विद्याशाखेची अट आडवी येत नाही. मराठी मेजरला सबटायटलिंग तिथे चपखल बसते. प्रात्यक्षिकाचे दोन श्रेयांक म्हणजे 60 तास. दहा मिनिटांच्या संवादी दृश्याच्या शंभरेक सबटायटलना पुरतात. एका वेळी दोनच ओळी, पडद्यावर किमान एक सेकंद, कमाल सहा-सात. सबटायटलच्या .srt फाइलमध्ये वेळ 00:01:12,400 अशी, मिलिसेकंदांआधी स्वल्पविराम. टिंब दिले तर काही प्लेअर फाइल वाचतच नाहीत. फाइल यूटीएफ-8 (युनिकोड) मध्ये जतन केली नाही तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेले तर रोमन कचराच दिसते. अक्षरमोजणीही फसवते : 'स्त्री' डोळ्यांना एक अक्षर, संगणकाला सहा. रोमन लिपीसाठी ठरलेली ओळीमागे 42 अक्षरांची मर्यादा देवनागरीला जशीच्या तशी लावली की चांगली ओळ उगाच तोडावी लागते.

आणि भाषेचा खरा कस इथेच लागतो. पात्र म्हणते, 'काऊन बे, मले नाही सांगतलं?' खाली 'का रे, मला सांगितलं नाहीस?' लिहिले तर पुण्याच्या प्रेक्षकाला अर्थ पोचतो, पण 'बे'मधली सलगी जाते. वऱ्हाडी तशीच ठेवली तर अनोळखी शब्दावर डोळा थबकतो आणि दीड सेकंदात ओळ निघून जाते. कानाला 'बे' ऐकू येतोच, म्हणून अर्थाची ओळ प्रमाण मराठीत देऊन 'काऊन' तेवढा राखावा, असा तोडगा बरेचदा निभतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाचे चित्रीकरण घेतले तर तोही पुरत नाही. तिथे प्रेक्षकांच्या हशात संवाद बुडतो आणि आधी संहिता मागून आणावी लागते.