जड नळी, तिचा पीळ आणि काडतुसाची निवड

१९५५ साली अमेरिकेत दोन कंपन्यांनी जवळपास जुळी म्हणावीत अशी दोन काडतुसं बाजारात आणली. विंचेस्टरचं .२४३ आणि रेमिंग्टनचं .२४४. नावं वेगळी असली तरी दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच होता, .२४३ इंच. रेमिंग्टनच्या पुंगळीत (दारू भरायच्या पितळी नळकांड्यात) तर दारू थोडी जास्तच मावायची. तरीही विंचेस्टरचं काडतूस धडाक्यात खपलं आणि रेमिंग्टनचं पडलं. दोष काडतुसाचा नव्हताच, तो होता नळीच्या पिळात.

नळीच्या आत कोरलेले आटे गोळीला फिरवतात. गोळीचा एक पूर्ण फेरा जितक्या इंचांत होतो, तो त्या नळीचा पीळ. आकडा लहान तितका पीळ घट्ट. विंचेस्टरने १० इंचांचा पीळ दिला, त्यामुळे हरणासाठी लागणारी १०० ग्रेनची गोळी त्यातून सरळ जायची. (एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम.) रेमिंग्टनने १२ इंचांचा पीळ ठेवला, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर होते वुडचकसारखे छोटे, शेताची नासाडी करणारे प्राणी आणि त्यांच्यासाठीची ७५ ते ९० ग्रेनची गोळी. गिऱ्हाइकाला एकाच रायफलीत दोन्ही कामं हवी होती. १९६३ मध्ये रेमिंग्टनने तीच पुंगळी '६ एमएम रेमिंग्टन' या नव्या नावाने आणली, ९ इंचांचा पीळ देऊन. पण तोवर बाजार हातचा गेला होता.

जड नळीच्या रायफलीला कोणतं काडतूस मानवेल, या प्रश्नाचा अर्धाअधिक इतिहास या एका किश्शात येतो. नळीची जाडी डोळ्यांत भरते, म्हणून चर्चा तिचीच होते. पीळ आत असतो. पण गोळी कोणती चालणार हे तोच ठरवतो, आणि तो पीळ कोणे एके काळच्या कुठल्या तरी गोळीसाठी ठरवलेला असतो.

जाड नळीचा हव्यास मात्र याहून बराच जुना. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पैजेच्या नेमबाजीसाठी तोंडाकडून भरायच्या रायफली बनत, त्यांतल्या काही वीस-तीस पौंडांच्या. खांद्याला लावून उभ्याने झाडायचं हे हत्यारच नव्हे. टेबलावर टेकवायचं आणि मागे बसायचं. पण या बंदुकांमधला खरा शोध वजनाचा नव्हता. १८४० मध्ये ॲल्व्हन क्लार्क या कारागिराने 'खोट्या तोंडा'चं पेटंट घेतलं. नळी तयार करतानाच तिच्या टोकाचा तुकडा कापून वेगळा ठेवायचा. आटे दोन्हींत सलग, आणि तुकडा पुन्हा अचूक जागी बसावा म्हणून खुंट्या. गोळी भरताना तो तुकडा लावायचा, म्हणजे गोळी सरळ आत शिरते आणि खऱ्या तोंडाची कड झिजत नाही. झाडण्याआधी तो काढून ठेवायचा. हाच क्लार्क पुढे दुर्बिणींच्या भिंगांसाठी जगभर गाजला. त्याच्या मुलाने १८६२ मध्ये व्याधाचा अंधुक जोडतारा पहिल्यांदा पाहिला, तोही घरच्याच भिंगातून. काच काय नि पोलाद काय, हात एकाच जातीचे.

अमेरिकी यादवी युद्धात हायरम बर्डनने निवडक नेमबाजांची तुकडी उभी केली. प्रवेशाची अट अशी: २०० यार्डांवर सलग दहा गोळ्या, आणि मध्यापासून सरासरी अंतर ५ इंचांच्या आत. काही जण घरच्या जड रायफली घेऊन आले. त्या खांद्यावर घेऊन मैलोन् मैल चालायचं म्हटल्यावर हौस फिटली, आणि बहुतेकांच्या हाती पुढे शार्प्स रायफली आल्या.

जाडीने नेमकं होतं काय? नळी वाकण्याला जो विरोध करते, तो तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास सव्वापट केला की ताठपणा जवळजवळ अडीचपट होतो. गोळी सुटताना नळी चाबकासारखी थरथरते. ताठ नळीची थरथर कमी. शिवाय जास्त पोलाद म्हणजे उष्णता सामावायला जास्त जागा, त्यामुळे दहावी गोळीही पहिलीच्या जवळ पडते. पण बारीक नळीची चांगली रायफलसुद्धा थंड असताना पहिल्या दोन-तीन गोळ्या एकाच ठिपक्यात टाकते. माझ्या मते जाड नळी अचूकता निर्माण करत नाही, असलेली टिकवते. आणि ती टिकली की चूक कुठली हे कळायला लागतं. नळीवरचा संशय फिटतो आणि बोट काडतुसाकडे वळतं.

हा संशय पद्धतशीरपणे तपासला तो डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचे हे गृहस्थ. त्यांनी जमिनीत काँक्रीटचा भला थोरला ठोकळा रोवला, त्याला 'शूटिंग जिब्राल्टर' असं नाव दिलं आणि त्यावर नळी बसवून माणसाचा हात हिशोबातून पार काढून टाकला. गोळीच्या वाटेवर कागदाचे पडदे लावले आणि भोकांवरून ती कशी डोलत गेली ते मोजलं. वर्षानुवर्षांची ही टिपणं १९०९ मध्ये प्रसिद्ध झाली. निष्कर्ष नेमबाजांच्या अहंकाराला फारसा सुखावणारा नव्हता: दोष बहुतेकदा गोळीतच असतो. तिचं वजन एका अंगाला कललेलं, किंवा बुडाची कड दुखावलेली.

पिळाचं गणित त्याआधीच इंग्लंडमध्ये मांडलं गेलं होतं. वुलिचच्या तोफखान्याच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये तोफगोळ्यांसाठी एक सुटसुटीत सूत्र दिलं. १५० ला व्यासाच्या वर्गाने गुणायचं आणि गोळीच्या लांबीने भागायचं, की इंचांतला पीळ मिळतो. जास्त वेगाच्या गोळ्यांसाठी १५० ऐवजी १८० धरतात. सूत्रात वजन कुठेच नाही, लांबी आहे. .२२४ इंच व्यासाची पाऊण इंच लांब गोळी घेतली तर उत्तर १२ इंच. तीच गोळी ०.६५ इंचांची असेल तर १४ इंच पुरतात. या दोन आकड्यांवर पुढे लोक बराच काळ भांडले.

'व्हार्मिंट' हा 'व्हर्मिन' म्हणजे उपद्रवी प्राणी या शब्दाचा अमेरिकी बोलीतला अवतार. वुडचक, प्रेअरी डॉग (खारीच्या कुळातला, बिळांच्या वसाहती करणारा प्राणी), कावळे, कोल्ह्याच्या जातीचे कायोटी. लक्ष्य लहान आणि अंतर मोठं. प्रेअरी डॉग तर बिळाच्या तोंडाशी उभा राहिला तरी जेमतेम तीन इंच रुंद, म्हणजे ३०० यार्डांवर एका अंशाच्या साठाव्या भागाइतका. हे प्राणी निव्वळ वेळ घालवायला टिपणं अनेकांना रुचत नाही, मलाही. प्रेअरी डॉगच्या वसाहती उजाड झाल्या तेव्हा त्यांच्यावर जगणारं काळ्या पायांचं फेरेट नामशेष व्हायच्या बेताला आलं होतं. पण बंदुकीच्या इतिहासात या छोट्या प्राण्यांनी जे घडवून आणलं, ते हरणांनी आणि अस्वलांनी मिळून आणलं नाही.

१९२० च्या दशकात स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराच्या आसपासच्या काही हौशी मंडळींनी, त्यांत कर्नल टाउनसेंड व्हेलन होते, .२२ च्या सरावाच्या लष्करी रायफलीवर प्रयोग करून '.२२ हॉर्नेट' घडवलं. नळी सरावाच्या रायफलीची, म्हणून पीळही तिचाच, १६ इंच. १९३० मध्ये विंचेस्टरने हे काडतूस विकायला काढलं तेव्हा त्यासाठी कारखान्यात बनलेली एकही रायफल बाजारात नव्हती. गंमत म्हणजे कारखान्याच्या रायफली आल्यावरही तो १६ चा आकडा तसाच चालू राहिला. मग १९३५ मध्ये आलं .२२० स्विफ्ट: ४८ ग्रेनची गोळी, सेकंदाला ४११० फूट. नळी लवकर खाणारं काडतूस अशी त्याची ख्याती झाली.

खरं वळण १९५० चं. रेमिंग्टनचे अभियंते माइक वॉकर स्वतः टेबलावरून स्पर्धा खेळणारे. त्यांनी .२२२ रेमिंग्टन आखलं: ५० ग्रेन, ३२०० फूट, पीळ १४ इंच. छोटी पुंगळी, बेताची दारू, आखूड गोळी. पंचवीसेक वर्षं स्पर्धांमध्ये या काडतुसाने दुसऱ्या कुणाला जागाच दिली नाही. या स्पर्धांचे वजनगटसुद्धा शिकारीवरून पडले. 'लाइट व्हार्मिंट' साडेदहा पौंड, 'हेवी व्हार्मिंट' साडेतेरा, म्हणजे सहा किलोंच्या थोडं वर. तिथे हिशोब पाच गोळ्यांच्या पाच गटांच्या सरासरीचा. तीन गोळ्यांचा एक सुंदर गट खिशात घालून मिरवणाऱ्यांना तिथे कुणी विचारत नाही, आणि ते योग्यच आहे.

गोळ्या तरी कुठून आणायच्या? दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांची टंचाई झाली, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टन यांनी वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक साचा बनवला. .२२ रिमफायरची (म्हणजे बुडाच्या कडेतच पेटता मसाला असलेल्या छोट्या काडतुसाची) रिकामी पुंगळी त्यात दाबली की तिचंच गोळीचं कवच व्हायचं. नाव ठेवलं 'रॉक चक बुलेट स्वेज', तेही एका बीळकरी प्राण्यावरून. आद्याक्षरं घेऊन 'आरसीबीएस' ही कंपनी आजही रीलोडिंगची, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरण्याची, अवजारं विकते.

यानंतरचा गोंधळ .२२३ चा. एआर-१५ या लष्करासाठी आखलेल्या रायफलीसाठी .२२२ वाढवून हे काडतूस तयार झालं. सुरुवातीचा पीळ शिकारी रायफलींचाच, १४ इंच. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते आणि ५५ ग्रेनची गोळी डोलायला लागली, म्हणून तो १२ केला. १९८० मध्ये नाटोने ६२ ग्रेनची, पोटात पोलादी तुकडा असलेली लांब गोळी स्वीकारली आणि अमेरिकी लष्कराने पीळ एकदम ७ वर आणला. तोही मुख्यतः तिच्याहून लांब अशा ट्रेसर, म्हणजे मागे उजेडाची रेघ सोडणाऱ्या, गोळीसाठी. परिणाम असा की आज जड नळीवर '.२२३' हीच अक्षरं असतात आणि आत १२, ९, ८ किंवा ७ काहीही निघतं. १२ च्या नळीत ७७ ग्रेनची, स्पर्धेसाठीची महागडी 'मॅच' गोळी घातली तर कागदावर गोल भोकाऐवजी लांबट चीर दिसते. गोळी आडवी होऊन पोचलेली असते. उलट बाजूही आहे. व्हार्मिंटच्या गोळीचं कवच मुद्दाम पातळ असतं, ती मातीला लागली तरी फुटावी, उडून भलतीकडे जाऊ नये म्हणून. ७ च्या पिळातून ती सेकंदाला ३८०० फुटांनी सुटली तर मिनिटाला जवळजवळ ३,९०,००० फेरे घेते. काही गोळ्या तेवढ्यानेच हवेत चिंध्या होतात.

रिमफायरमध्ये हा वाद नाही. तिथे पीळ बहुतेक सगळीकडे १६ च, आणि काडतूस घरी भरता येत नाही. मग एकाच छापाचे वेगवेगळे लॉट (एका खेपेत बनलेला माल म्हणजे एक लॉट) आपल्या नळीतून झाडून बघायचे आणि जमलेला लॉट पेटीच्या पेटीने उचलायचा. ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असल्यावर दुसरं करणार काय?

अलीकडे जुन्या १४ च्या नळ्यांवर नवं संकट आलं आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. शिशाचे कण पोटात जाऊन काँडोर गिधाडं मरत होती. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. खोक्यावर ५५ ग्रेनच लिहिलेलं असतं, पण १४ च्या पिळाच्या जुन्या .२२-२५० ला (हेही व्हार्मिंटचंच काडतूस) ती पेलतेच असं नाही.

अशी जुनी रायफल हातात आली तर नळीवरच्या काडतुसाच्या नावावरून पिळाचा अंदाज बांधू नये. ती रिकामी आहे हे आधी दोनदा बघावं. मूठ मोकळी फिरणारी साफसफाईची सळई घ्यावी, टोकाला घट्ट बसणारी चिंधी लावावी आणि नळीत थोडी सरकवावी. सळईच्या वरच्या अंगाला एक खूण करावी, नळीच्या तोंडापाशी दुसरी. मग सावकाश ढकलायचं. आटे चिंधीला धरतात आणि सळई आपोआप वळायला लागते. वरची खूण एक फेरा पुरा करून पुन्हा वर आली की थांबायचं आणि सळई किती आत गेली ते मोजपट्टीने बघायचं. दोन-तीनदा करावं, चिंधी कधी कधी घसरते. चौदा इंच भरले तर ५० ते ५५ ग्रेनच्या आखूड शिशाच्या गोळ्यांची दोन-तीन खोकी आणावीत आणि तिथून सुरुवात करावी.