एक लेन्स, मारबतीपासून वाघापर्यंत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत भल्यामोठ्या पुतळ्यांच्या रूपात काळी आणि पिवळी मारबत निघते, तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. मी एका परिचितांच्या गच्चीवर उभा होतो. गल्ली एवढी अरुंद, की अख्खी मारबत चौकटीत बसवायला लेन्स १८ मिलिमीटरवर आणावी लागली. मिनिटभरात मागून बडगे, म्हणजे उपहासाचे पुतळे, आले. त्यातल्या एकाच्या गळ्यातली पाटी वाचता यावी म्हणून ३०० मिलिमीटरवर गेलो. लेन्स बदलली नाही, पिशवी उघडली नाही, फक्त मनगट वळलं. ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’चा गजर पुढच्या वळणावर पोचेपर्यंत दोन्ही फोटो कार्डात होते.

अशा लेन्सला दुकानात सुपरझूम म्हणतात. पहिला मोठा कॅमेरा घेणारे बहुतेक जण मला विचारतात, ‘ही एकच घेतली तर चालेल का?’ चालेल. पण एवढं सगळं ती कशाच्या बदल्यात देते, ते आधी समजून घ्यायला हवं. तिची खरी किंमत आपण प्रकाशात मोजतो.

लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा म्हणजे नाभीय अंतर. ते कमी, तर दृश्य रुंद. जास्त, तर दृश्य अरुंद आणि वस्तू मोठी. डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, प्रकाश टिपणाऱ्या नेहमीच्या सेन्सरवर (सुमारे २४ बाय १६ मिलिमीटर) १८ मिलिमीटरची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ७६ अंशांचं दृश्य टिपते. ३०० मिलिमीटरला उरतात जेमतेम साडेपाच अंश. या दोन टोकांच्या गरजा एकमेकींच्या अगदी उलट आहेत. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सरच्या मध्ये आरसा हलतो, त्यामुळे शेवटची काच सेन्सरपासून १८ मिलिमीटरवर आणणं शक्यच नसतं. तिथे पुढच्या काचांनी प्रकाश आधी पसरवावा लागतो, म्हणजे प्रतिमा मागे ढकलली जाते. लांबच्या टोकाला नेमकं उलटं हवं असतं. पुढच्या काचांनी प्रकाश आधी गोळा करायचा, मागच्यांनी तो किंचित पसरवायचा, म्हणजे नळी आखूड राहते.

एकच लेन्स दोन्ही करते ती काचांचे संच सरकवून. सर्वांत पुढचा संच गोळा करणारा, त्यामागचा जोरात पसरवणारा, त्यामागचे पुन्हा गोळा करणारे. रुंद टोकाला पहिले दोन संच एकमेकांना खेटून बसतात. दुसऱ्याचा जोर जास्त, म्हणून दोघे मिळून प्रकाश पसरवतात. नळी वळवली की पहिला संच पुढे जातो, दोघांत अंतर पडतं आणि आता गोळा करणाऱ्याचं वर्चस्व चालतं. आतल्या नळीत तिरप्या, वक्र खाचा कोरलेल्या असतात आणि प्रत्येक संचाच्या खुंट्या त्या खाचांत अडकवलेल्या असतात. आपण कडं एकच फिरवतो, पण प्रत्येक संच आपापल्या खाचेच्या वळणाने, आपापल्या वेगाने सरकतो. केसाएवढी ढिलाई आली तरी फोटोची एक बाजू मऊ पडते. हे कारागिरीचं काम मला आजही थक्क करतं.

आता प्रकाशाकडे येऊ. लेन्स कॅमेऱ्याला लावलेली असताना तिच्या समोरून आत पाहा आणि कडं हळूहळू फिरवा. १८ वर दिसणारं छिद्र ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढं असतं. ३०० वर ते लहानशा संत्र्याएवढं होतं. एफ आकडा म्हणजे नाभीय अंतराला या दिसणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. माझ्या लेन्सचा तो १८ वर ३.५ आणि ३०० वर ६.३. १८ ला ३.५ ने भागलं तर ५ मिलिमीटर, ३०० ला ६.३ ने भागलं तर ४८ मिलिमीटर. छिद्र जवळजवळ दहापट रुंदावलं, पण नाभीय अंतर त्याहून जास्त वाढलं, म्हणून सेन्सरवर पडणारा उजेड घटला. ३.५ वरून ६.३ वर जाताना तो एक तृतीयांशाहूनही कमी होतो. मग ३०० ला २.८ का ठेवत नाहीत? त्यासाठी समोरची काच १०७ मिलिमीटरपेक्षा मोठी लागेल. अशा लेन्स आहेत. त्यांचं वजन किलोंमध्ये आणि किंमत लाखांमध्ये असते. गळ्यात अडकवून मारबतीच्या गर्दीत नेण्याची ती वस्तू नव्हे.

काचांची संख्याही प्रकाश खाते. टॅमरॉनची १८ ते ४०० मिलिमीटरची लेन्स २०१७ साली आली. तिच्यात १६ काचा आहेत. काही एकमेकींना चिकटवलेल्या, त्यामुळे सुटे तुकडे ११. म्हणजे हवा आणि काच यांची गाठ २२ वेळा पडते. साध्या काचेवर दर वेळी सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. बावीस वेळा ही गळती झाली तर शेवटी ४० टक्क्यांच्या आसपासच उरेल, आणि परतलेला प्रकाश आतच भटकून काळ्याचा राखाडी करेल. हे होत नाही याचं श्रेय एका अत्यंत पातळ लेपाला. जर्मनीत त्साइस कंपनीत काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली तो शोधला. मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा थर दिला की थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी पुसून टाकतात. आजच्या अनेकपदरी लेपांनी गळती दर वेळी अर्ध्या टक्क्यावर आणली तर बावीस गाठींनंतरही सुमारे ९० टक्के प्रकाश हाती लागतो. लेन्स तिरपी धरली की काचेवर जांभळट-हिरवट झाक दिसते, ती या लेपांचीच. सुपरझूम ही गोष्ट मुळात शक्य झाली ती त्यांच्यामुळे.

तरी एफ ६.३ हे ६.३ च राहतं, हे मला नागपूरपासून साधारण साठ किलोमीटरवरच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात नीट कळलं. मे महिन्यातली दुपारची सफारी. साडेचारला पाणवठ्यावर आलेल्या सांबराचे फोटो खणखणीत आले, पाठीवरचे राठ केस मोजावेत असे. परतताना, सूर्य झाडांआड गेल्यावर, वाघीण रस्ता ओलांडून गेली. कॅमेऱ्याने शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर आणलं. लेन्समधल्या कंपनरोधकाने माझ्या हाताची थरथर सांभाळली, मागचं गवत बऱ्यापैकी स्पष्ट आलं. पण चालणारी वाघीण तो कशी थांबवणार? तिचा चेहरा पुसट, पुढचा पाय नुसता पट्टा. शेजारच्या जिप्सीत एफ २.८ ची लेन्स होती. त्याच उजेडात तिला पाचपट प्रकाश मिळत होता, म्हणजे शटर सेकंदाच्या तीनशेव्या भागावर ठेवता आलं असतं. हा फरक कौशल्याने भरून निघत नाही. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवून थोडाफार निघतो, पण मग चित्रात रवाळपणा येतो.

त्याच सफारीत दुसरी बाजूही दिसली. जवळच्या मोरासाठी मी पिशवीतली छोटी लेन्स काढायला गेलो, तर गाइड म्हणाला, ‘भाऊ, आता नका उघडू, मागची गाडी धूळ उडवून राहिली ना!’ खरंच होतं. उघड्या कॅमेऱ्यात शिरलेला एक कण सेन्सरवर बसला की पुढच्या प्रत्येक फोटोत, निळ्या आभाळात त्याच जागी तो डाग. सफारीत लेन्स न बदलणं हा फार मोठा फायदा आहे. मात्र लांबणारी नळी पिचकारीच्या दट्ट्यासारखी हवाही आत ओढते. उन्हाळ्यात तिच्याबरोबर धूळ येते, श्रावणात दमटपणा. धूळ आत गेली तरी फोटोवर सहसा परिणाम होत नाही. दमटपणातून धरणारी बुरशी मात्र काचेचा लेप खाते. पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी.

विदर्भातल्या मे महिन्याचा एक दोष मात्र लोक उगाच लेन्सच्या माथी मारतात. दुपारी दोनला अंबाझरी तलावाच्या बांधावरून पलीकडच्या काठावरचा पक्षी ३०० वर टिपला आणि तो पाण्याखाली असल्यासारखा दिसला, तर लेन्स परत करायला धावू नका. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा विरळ असते, तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, थंड हवेपेक्षा किंचित कमी. गरम-थंड हवेचे थर मिसळत राहतात आणि प्रत्येक किरण वाटेत थोडा थोडा वाकतो. लांबचं टोक वस्तूबरोबर ही थरथरही मोठी करून दाखवतं. लाखाची लेन्स लावली तरी तेच. पहाटे जावं किंवा जवळ जावं, तिसरा उपाय नाही.

सरळ रेषा रुंद टोकाला बाहेर फुगतात, लांबच्या टोकाला आत दबतात; हे आता कॅमेरा किंवा संगणक दुरुस्त करून देतो. कडांवरच्या जांभळट रेघाही बऱ्याचशा निघतात. कोपऱ्यांचा मऊपणा तेवढा राहतो, तो घालवायचा तर छिद्र लहान करून एफ ८ वर यावं.

मग १२५ पट झूमचे कॅमेरे कसे बनतात? २०१८ चा निकॉन पी१००० जाहिरातीत २४ ते ३००० मिलिमीटर म्हणतो, पण हा आकडा जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मोठ्या चौकटीच्या हिशेबातला. खरं नाभीय अंतर ४.३ ते ५३९ मिलिमीटर. सेन्सर जेमतेम सहा मिलिमीटर रुंद, म्हणून ते जमतं. चंद्र चौकट भरून येतो, बघून हरखायला होतं. मात्र लांबच्या टोकाला एफ ८ वर प्रकाशाचा प्रत्येक बिंदू विवर्तनामुळे, म्हणजे छिद्रातून जाताना लहरी पसरतात म्हणून, सुमारे ११ मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) ठिपक्यात पसरतो आणि त्या सेन्सरवरचा पिक्सेल असतो साधारण १.३ मायक्रॉनचा. एका ठिपक्याच्या रुंदीत आठ पिक्सेल मावतात, तेव्हा मेगापिक्सेलचा आकडा तिथे फारसा कामाचा नाही.

गेल्या वर्षभराचे फोटो संगणकावर उघडून मी प्रत्येकाचं नाभीय अंतर पाहिलं. ही माहिती फोटोच्या फाइलमध्येच असते. बहुतेक फोटो दोन टोकांचे, १८ चे नाहीतर ३०० चे. मधले थोडे होते आणि त्यातलेही बरेचसे संध्याकाळचे, घरातले, अंधूक. त्यानंतर मी सुपरझूम विकली नाही. तिच्या जोडीला ३५ मिलिमीटरची एफ १.८ ची चिमुकली लेन्स घेतली. ३५ वर माझी झूम ४.५ पर्यंत आलेली असते, म्हणजे या छोटीला सहापट उजेड मिळतो. दिवसा, धुळीत, गर्दीत झूम. फुटाळा तलावावर दिवे लागले की ती पिशवीत जाते आणि ही बाहेर येते.