धमनीचं कडं आणि त्याच्या आतला एक थर

आलं, लसूण, लिंबू, ॲपल सायडर व्हिनेगर आणि वरून मध. हा काढा रोज घेतला की हृदयाचं ब्लॉकेज धुऊन निघतं, असा मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतच असतो. त्यामागची समजूत अशी, की रक्तवाहिनी म्हणजे घरातला पाइप आणि ब्लॉकेज म्हणजे त्यात साचलेला क्षार. आम्ल ओतलं की मोकळा. खरं तर मेदाचा हा साठा भिंतीच्या आत, अस्तराच्या खाली वाढतो. आणि काढा कितीही आंबट असला तरी शरीर रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ च्या बाहेर जाऊ देत नाही.

पाइपची ही कल्पना अँजिओग्राफीमुळेही पक्की होते. त्यात आयोडीनयुक्त द्रव्य सोडून क्ष-किरणांनी पोकळीची सावली टिपतात. भिंत दिसत नाही. सुरुवातीला साठा वाढतो तशी धमनी बाहेरच्या बाजूला फुगते, त्यामुळे भिंत बिघडलेली असूनही पोकळी बराच काळ ठीक दिसू शकते. वाहिनी आकुंचन पावते का, सैल होते का, हे सावलीवरून कळत नाही. त्यासाठी जुनी आणि अजून रोजच्या वापरातली पद्धत म्हणजे ऑर्गन बाथ, म्हणजे वाहिनीचा तुकडा भांड्यातल्या द्रावणात जिवंत ठेवून त्याचा ताण मोजणं.

उंदराची (रॅटची) महाधमनी काढून थंड द्रावणात ठेवतात, भोवतीची चरबी आणि तंतू सोडवतात आणि २ ते ३ मिमी रुंदीची कडी कापतात. प्रत्येक कड्यातून दोन बारीक तारा ओवायच्या: एक खाली पक्की, दुसरी ताण मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरला. भांड्यात ३७ अंश सेल्सिअसचं क्रेब्ज द्रावण असतं. त्यात लिटरमागे सुमारे ६.९ ग्रॅम मीठ, २.१ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, २ ग्रॅम ग्लुकोज आणि थोडं पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट व कॅल्शियम. त्यातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड बुडबुडत ठेवायचा. हा ५ टक्के वायू शोभेला नाही; बायकार्बोनेटच्या जोडीने तोच सामू ७.४ वर धरतो. वायू सोडण्याआधीच कॅल्शियम घातलं तर द्रावण पांढुरकं गढूळ होतं आणि सगळं ओतून द्यावं लागतं. म्हणून कॅल्शियम शेवटी, हळूहळू.

कड्याला साधारण २ ग्रॅमचा ताण देऊन तासभर स्थिरावू देतात, दर १५ मिनिटांनी द्रावण बदलतात. मग पोटॅशियम क्लोराइडने स्नायू जिवंत आहे का ते पाहतात. ते धुऊन फिनाइलेफ्रिन या वाहिनी आवळणाऱ्या औषधाने कडं आवळतात आणि आलेख सपाट झाला की ॲसिटिलकोलीन (चेतातंतूंचं संदेशवाहक रसायन) वाढत्या मात्रेत घालत जातात, १ नॅनोमोलरपासून १० मायक्रोमोलरपर्यंत. निरोगी कडं पायरीपायरीने सैल होतं.

इथेच १९७० च्या दशकापर्यंत मोठा गोंधळ होता. जिवंत प्राण्यात ॲसिटिलकोलीन वाहिन्या रुंद करायचं, पण कापलेल्या पट्ट्यांवर घातलं की उलट आकुंचन व्हायचं. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत १९७८ साली सशाच्या महाधमनीची कडी वापरताना ती सैल झाली. शोध घेतला तेव्हा दोष पट्टी तयार करण्याच्या रीतीत सापडला: पट्टी कापताना आतली बाजू घासली जायची आणि एका पेशीइतकं जाड अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, खरवडून निघायचं. फर्चगॉट आणि त्यांचे सहकारी झवाड्झ्की यांनी हे १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. पुरावाही देखणा होता. अस्तर काढलेल्या पट्टीवर अस्तर असलेली दुसरी पट्टी आतल्या बाजूने चिकटवली, तर पहिली पट्टीही सैल झाली. म्हणजे अस्तरातून काहीतरी निघून शेजारच्या स्नायूपर्यंत पोहोचत होतं.

ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड (एनओ) हा वायू. ॲसिटिलकोलीन अस्तराच्या पेशीवरील ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं, पेशीत कॅल्शियम वाढतं, त्याने एनओ सिंथेज हे विकर जागं होऊन आर्जिनिनपासून हा वायू बनवतं. तो स्नायूपेशीत शिरून ग्वानिलेट सायक्लेजला चालना देतो, सायक्लिक जीएमपी वाढतं, स्नायूतलं कॅल्शियम उतरतं आणि मायोसिनवरचं फॉस्फेट निघून पकड सुटते. वायू काही सेकंदच टिकतो, म्हणून त्याला पकडायला वर्षं लागली. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. (‘एनओ बूस्टर’ म्हणून आर्जिनिनची पावडर विकणारे हेच नोबेल डब्यावर छापतात, निरोगी पेशीत आर्जिनिन मुळात पुरेसं असतं, हे छापत नाहीत.)

कडं सैल झालं नाही तर निष्कर्ष काढण्याआधी आणखी एक द्रव्य घालायचं: सोडियम नायट्रोप्रुसाइड. ते वायू स्वतःच पुरवतं, अस्तराची गरज नाही. त्यानेही ढिम्म राहिलं तर दोष स्नायूत. त्याने सैल झालं तर दोष अस्तरात, आणि अशा वेळी आधी स्वतःच्या चिमट्यावर संशय घ्यावा. तार ओवताना आत एकदा घासलं गेलं तरी पुरतं.

माणसात हेच कापाकापीविना करतात. १९९२ मध्ये सेलरमायर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या चाचणीत दंडातल्या धमनीचा व्यास सोनोग्राफीने मोजतात, हाताला बांधलेला रक्तदाबाचा पट्टा सुमारे ५ मिनिटं फुगवून रक्त अडवतात आणि सोडतात. पट्टा कोपराखाली बांधतात. रक्त जोरात धावलं की प्रवाहाच्या घर्षणाने अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि मिनिटभरात धमनी रुंदावते. ४ मिमीच्या धमनीत ५ टक्के वाढ म्हणजे अवघे ०.२ मिमी, त्यामुळे प्रोब हाताने धरला तर मोजमाप वाया. तो स्टँडला बसवतात आणि व्यास प्रत्येक वेळी ईसीजीच्या त्याच टप्प्यावर घेतात. चाचणीआधी जेवण, चहा-कॉफी, तंबाखू बंद. शेवटी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देऊन पुन्हा व्यास बघतात. त्याचं काम नायट्रोप्रुसाइडचंच: धमनी आता रुंदावली आणि मघाशी नाही, तर स्नायू ठीक आहे, अस्तर आजारी.