सुटका वेगळी, आशा वेगळी

'युद्धानंतरची आशा' असा विषय निघाला की हमखास एकच फोटो छापला जातो. ८ मे १९४५, जर्मनी शरण आल्याने युरोपातलं युद्ध संपल्याचा दिवस, लंडनचे रस्ते, उसळलेली गर्दी, हातात झेंडे. खाली ओळ : 'नव्या आशेची पहाट'. ही ओळ वाचली की मला राग येतो, कारण त्या फोटोत दिसते ती सुटका.

सुटकेबद्दल फार सांगायला नको. दवाखान्यातून घरचं माणूस सुखरूप परतलं की 'सुटलो एकदाचे' म्हणून आपण हुश्श करतो, तीच ही भावना. बरं, तीही त्या दिवशी अर्धीच होती. जपानशी युद्ध ऑगस्टपर्यंत चाललं. ब्रह्मदेशातल्या सैनिकांना हुश्श करायला अजून अवकाश होता.

घोटाळा होतो तो इथे : दोन्ही भावना एकाच दिवशी, एकाच अंकात शेजारी शेजारी छापल्या गेल्या. त्याच ८ मेच्या 'डेली मिरर' या ब्रिटिश दैनिकात फिलिप झेकचं व्यंगचित्र आहे. भग्न अवशेषांतून एक जखमी, पट्ट्या बांधलेला सैनिक वर येतोय. हातात विजयाची आणि शांततेची माळ आहे आणि ती तो वाचणाऱ्यापुढे धरतोय. खालच्या ओळीचा मराठीत अर्थ असा : 'हे घ्या! पुन्हा हरवू नका!'

यातल्या 'पुन्हा' या शब्दापाशी थांबा. १९१८ साली, पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा, ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी वीरांना राहण्याजोगा देश घडवू म्हणून सांगितलं होतं; त्यानंतर आली ती बेकारी आणि दुसरं महायुद्ध. एकदा हातची गेलेली शांतता पुन्हा मिळतेय, म्हणून सैनिकाच्या बोलण्यात दटावणी आहे. सुटका मागे बघते, तिला कुणाकडून काही नको असतं. आशा समोरच्याचा हात धरून काम सांगते आणि तिच्या पोटात भीतीही असते. म्हणून जुना अंक वाचताना मी विशेषणं सोडून क्रियापदं बघतो. 'संपलं', 'जिंकलो' असेल तर सुटका. 'करा', 'सांभाळा', 'हरवू नका' असेल तर आशा. 'उज्ज्वल भविष्य' वगैरे शब्दांवर मी तरी विसंबत नाही.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा याच दैनिकाने परदेशी असलेल्या सैनिकाच्या पत्नीचं पत्र छापलं : मी नवऱ्याच्या वतीने मत देणार. त्यातून 'त्याच्यासाठी मत द्या' ही मोहीम उभी राहिली. मतदानाच्या दिवशी, ५ जुलैला, झेकचं तेच चित्र पुन्हा छापलं. चित्र एका रेषेनेही बदललं नव्हतं, पण आता माळ धरली होती ती मतदारापुढे. सैनिकांची मतं परदेशातून यायची होती, म्हणून निकाल २६ जुलैला लागला. युद्ध जिंकून देणारे चर्चिल हरले, ६४० पैकी ३९३ जागा मजूर पक्षाला. आपल्याकडे या पक्षाचे नेते ॲटली भारताच्या स्वातंत्र्याच्या निर्णयामुळे परिचित आहेत. ते पंतप्रधान झाले ते या मतांवर.

आणखी एक गैरसमज : नंतरच्या वर्षांत वर्तमानपत्रांत कुरकुर वाढली, म्हणजे आशा मावळली. मला हे अजिबात पटत नाही. पाव युद्धात कधी रेशनवर नव्हता, तो जुलै १९४६ मध्ये आला. लोक चिडले आणि बोलले. पण ज्याच्या हातून काही होईल असं वाटतं, त्याच्याच दारात माणूस गाऱ्हाणं घेऊन जातो. त्या वर्षांची आशा शोधायची तर मी पहिलं पान उलटून वाचकांच्या पत्रांकडे जाईन : घर कधी मिळणार, कोळसा कधी येणार. पाव रेशनवरून सुटला जुलै १९४८ मध्ये. त्याच महिन्याच्या ५ तारखेला सर्वांसाठी मोफत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली होती.