कमी बोलणारी, जास्त विचार करणारी माणसं

इंदूरच्या भंवरकुआँ भागात चहाच्या गुमट्यांपाशी कोचिंगची मुलंमुली उभी असतात. तिथे हल्ली एक प्रश्न कानावर पडतो, "तुझा टाइप कोणता?" मोबाइलवर प्रश्नावली भरली की चार इंग्रजी अक्षरं मिळतात, त्यातलीच एक चौकडी म्हणजे आयएनटीपी. आय म्हणजे अंतर्मुख. एन म्हणजे समोरच्या तपशिलापेक्षा त्यामागची कल्पना शोधणारा. टी म्हणजे निर्णय घेताना तर्काला पुढे ठेवणारा, आणि पी म्हणजे सगळं आधीच ठरवून न टाकता वाट मोकळी ठेवणारा.

ही अक्षरं मिळालेला मुलगा सुदामानगरातल्या किंवा रामबागेतल्या मराठी घरात मात्र घुम्या ठरतो. पाहुणे आले की तो आतल्या खोलीत जातो. काकूंनी "भाजी कशी झालीय रे?" असं विचारलं, तर "मीठ जरा जास्त आहे" असं खरं काय ते सांगून मोकळा होतो. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब जुळत नसला की सगळे कागद मात्र त्याच्याच पुढ्यात येतात.

अशा मुलांबद्दल मला मनापासून आस्था आहे आणि त्यांना मिळणाऱ्या दोन टोकांच्या वागणुकीची काळजीही वाटते. घरचे त्याला एकलकोंडा, शिष्ट म्हणतात. मोबाइल त्याला दुर्मिळ बुद्धिमंत ठरवतो. मानसशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत जे शोधलंय, ते या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. अबोलपणा, विचार करण्याची आवड आणि रोखठोकपणा हे तीन निरनिराळे गुणधर्म आहेत. काही माणसांत ते एकत्र येतात, एवढंच.

सुरुवात स्वित्झर्लंडच्या कार्ल युंग यांच्यापासून करावी लागते. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी त्यांनी १९२१ साली व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरच्या ग्रंथात सविस्तर मांडली. विचार, भावना, संवेदना आणि अंतःस्फूर्ती ही मनाची चार कार्यंही त्याच ग्रंथात आहेत. अंतर्मुख विचारवंताचं उदाहरण म्हणून युंगनी कांट या तत्त्वज्ञाचं नाव घेतलं, आणि बहिर्मुख विचारवंत म्हणून चार्ल्स डार्विनचं. डार्विन तर १८४२पासून गावाकडच्या घरात जवळजवळ एकांतात राहिलेला माणूस! मग तो बहिर्मुख कसा? युंगच्या मते प्रश्न किती बोलता हा नसून विचार कशाला धरून चालतो हा आहे. डार्विनचा विचार बाहेरच्या जगातल्या पुराव्यांच्या डोंगरावर उभा राहिला, कांटचा विचार ज्ञान मुळात कसं शक्य होतं या आतल्या प्रश्नाकडे वळला. आज आपण अंतर्मुख म्हणतो तेव्हा आपल्याला बहुधा अबोल म्हणायचं असतं. युंगचा अर्थ त्याहून खोल होता.

त्यांनी केलेलं अंतर्मुख विचारी माणसाचं वर्णन मात्र आजही ओळखीचं वाटतं. परक्यांना हा माणूस काटेरी, गर्विष्ठ वाटतो. जितकी ओळख वाढेल तितकं त्याच्याविषयीचं मत चांगलं होत जातं. आपली कल्पना लोकांच्या गळी उतरवणं त्याला जमत नाही, आणि ती सोडणंही जमत नाही. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. युंगनी विचार आणि भावना या दोन्हींना विवेकी कार्यं मानलं होतं, कारण दोन्हींत मन काहीतरी तोलून निवाडा करतं. तर्क एका टोकाला आणि भावना दुसऱ्या टोकाला, अशी सोपी विभागणी करून ती युंगच्या नावावर खपवणं बरोबर नाही.

चार अक्षरं आली अमेरिकेतून. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघींनी युंगच्या कल्पनांवरून १९४०च्या दशकात प्रश्नावली रचायला घेतली, आणि १९६२ साली तिची पुस्तिका प्रसिद्ध झाली. दोघींचंही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण नव्हतं. तो मला दोष वाटत नाही. माणसांना आपलं काम आणि आपलं मन जुळवता यावं, हा त्यांचा हेतू चांगलाच होता. अडचण प्रश्नावलीच्या रचनेत आहे. समजा, इंदूरमधल्या सगळ्यांची उंची मोजली आणि साडेपाच फुटांवर रेघ मारून वरचे सगळे उंच, खालचे सगळे बुटके असं ठरवलं. रेघेच्या दोन बाजूंना अर्ध्या इंचाच्या फरकाने उभ्या असलेल्या दोघांच्या हातात विरुद्ध पाट्या येतील. स्वभावाचंही तसंच आहे. अंतर्मुखता मोजली तर बहुसंख्य माणसं मधोमध गर्दी करतात, टोकाला थोडीच उरतात. म्हणून तीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा भरली की काही अभ्यासांत जवळपास निम्म्या लोकांचं निदान एक तरी अक्षर बदललेलं दिसलं.

तरीही वर्णन वाचून "अगदी मीच!" असं का वाटतं? १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून एक वर्णन दिलं. ते कितपत जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच दिलेलं होतं आणि त्यातली बरीच वाक्यं राशीभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. कधी तुम्ही मनमोकळे, बहिर्मुख असता तर कधी अंतर्मुख आणि हात राखून असता, अशा अर्थाचंही एक वाक्य त्यात होतं. हे कुणाला लागू पडणार नाही?

आजच्या संशोधनात स्वभाव पाच पट्ट्यांवर मोजतात: बहिर्मुखता, नव्या कल्पनांविषयीचा मोकळेपणा, शिस्त, जुळवून घेण्याची वृत्ती आणि मनाची अस्वस्थता. प्रत्येकाला प्रत्येक पट्टीवर कमी-जास्त जागा मिळते. १९८९ साली रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कोस्टा यांनी चार अक्षरं या पट्ट्यांशी ताडून पाहिली. आयएनटीपी या चौकडीचा अर्थ साधारण असा निघतो: बहिर्मुखता कमी, मोकळेपणा जास्त, जुळवून घेणं थोडं कमी, ठरल्याप्रमाणे चालण्याची ओढ कमी. पाचवी पट्टी, म्हणजे काळजी आणि अस्वस्थता, या चार अक्षरांत सापडतच नाही. माझ्या मते हीच सगळ्यात मोठी उणीव आहे. शांत आणि निश्चिंत मुलगा, शांत आणि आतून पोखरला जाणारा मुलगा, या दोघांना ती चौकडी एकच नाव देते.

आता अबोलपणाकडे येऊ. ब्रिटनमध्ये काम केलेल्या हान्स आयसेंक यांनी १९६०च्या दशकात असं मांडलं की अंतर्मुख माणसाचा मेंदू बाहेरच्या उत्तेजनाला लवकर आणि जास्त प्रतिसाद देतो. त्यांचा एक प्रयोग गमतीचा आहे. जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकायचे आणि लाळ किती सुटते ते मोजायचं. अंतर्मुखांना जास्त लाळ सुटली. हे मेंदू कायमच जास्त जागे असतात, ही त्यांची मूळ कल्पना पुढे तशीच टिकली नाही. प्रतिसादातला फरक मात्र बऱ्याच प्रयोगांत दिसला. १९८४ साली रसेल गीन यांनी लोकांना आवाजाची पातळी स्वतःच निवडायला सांगून शिकण्याचं एक काम दिलं. बहिर्मुखांनी सरासरी ७२ डेसिबल निवडले, अंतर्मुखांनी ५५. आपापल्या निवडीच्या आवाजात दोन्ही गटांनी सारखंच चांगलं काम केलं. अदलाबदल केली तेव्हा दोघांचंही काम बिघडलं.

रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी उभं राहिलं की हा प्रयोग अंगावर येतो. पाण्याचे फवारे, गुलाल, भोंगे, माणसांचा समुद्र. एका भावाला तिथून हलावंसं वाटत नाही, दुसरा अर्ध्या तासात गल्लीबोळातून घराची वाट धरतो. दुसऱ्याला गेर आवडत नाही, असा अर्थ काढू नये. त्याचं पोट लवकर भरलं. दुसऱ्या एका मतानुसार बहिर्मुखांना गर्दीतून, कौतुकातून, नव्या ओळखीतून मिळणाऱ्या बक्षिसाची ओढ जास्त असते. अंतर्मुखांना माणसांची भीती किंवा तिटकारा असतो असं नाही, त्यांना ती ओढ कमी असते. लाजाळूपणा त्याहून वेगळा. लाजाळू माणसाला बोलायचं असतं, पण लोक काय म्हणतील या धास्तीने शब्द घशात अडकतात. बडबडी माणसंही आतून लाजाळू असू शकतात, आणि चार वाक्यं बोलणारा माणूस व्यासपीठावर अगदी निर्धास्त असू शकतो.

दुसरा गुणधर्म विचाराच्या आवडीचा. खजुरी बाजारात तुम्ही एक वही आणि एक पेन घेतलं, मिळून ११० रुपये झाले. वही पेनपेक्षा १०० रुपयांनी महाग. पेन कितीचं? बहुतेकांच्या तोंडून पटकन १० रुपये निघतं. पेन १०चं असेल तर वही ११०ची, मग बेरीज १२० होते. बरोबर उत्तर ५ रुपये. याच धर्तीचा प्रश्न शेन फ्रेडरिक यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या तीन प्रश्नांच्या चाचणीत आहे. एमआयटीसारख्या संस्थेच्या विद्यार्थ्यांतही तिन्ही उत्तरं बरोबर देणारे निम्म्यापेक्षा कमीच निघाले. गणित अवघड नाही. पहिलं सुचलेलं उत्तर हातात धरून क्षणभर थांबायचं असतं. काहींना असं थांबण्यातच आनंद वाटतो. जॉन कॅसिओप्पो आणि रिचर्ड पेटी यांनी १९८२ साली ही विचाराची भूक मोजायची प्रश्नावली तयार केली. या भुकेचं नातं मुख्यतः नव्या कल्पनांच्या मोकळेपणाशी आहे. सराफ्यात रात्री बारा वाजता भुट्ट्याचा कीस खाताना दहा जणांशी तावातावाने तर्क लढवणारी माणसं इंदूरला कमी आहेत का? आणि गप्प बसलेला प्रत्येक जण काही कोडं सोडवत नसतो.

तिसऱ्या गुणधर्मापाशी, म्हणजे रोखठोक तर्कापाशी, घरात खरं भांडण होतं. तर्कशुद्ध माणसाला भावना नसतात, असं आपण सहज म्हणतो. मेंदूविज्ञान याच्या नेमकं उलट सांगतं. अँटोनियो डमासिओ यांनी एलियट या टोपणनावाच्या एका रुग्णाविषयी १९९४ साली लिहिलं. मेंदूतली गाठ काढताना कपाळामागचा काही भाग गेला. बुद्धी, स्मरण, तर्क शाबूत राहिले. भावना मात्र निवल्या. मग हा माणूस अधिक उत्तम निर्णय घेऊ लागला का? कागद कोणत्या क्रमाने लावायचे यावर त्याची अख्खी दुपार जाऊ लागली. नोकरी गेली, संसार मोडला. पर्याय मांडणं जमत होतं. त्यातला कोणता आपल्याला हवा, हे आतून सांगणारं कुणी उरलं नव्हतं. ज्याला आपण तर्कट म्हणतो त्या मुलाच्या तर्कामागेही कशाची तरी माया असते. खरेपणाची, न्यायाची, नाहीतर नीट जुळलेल्या हिशेबाची.

त्याच्यात कमी असते ती समोरच्याला गोड वाटेल असं बोलण्याची सवय. बहीण रडत आली की तो उपाय सांगायला लागतो, कारण त्याच्या लेखी मदत म्हणजे तेच. तिला आधी ऐकून घेणारं माणूस हवं असतं. "तुला उपाय हवाय की नुसतं ऐकू?" हा प्रश्न शिकवला तर अशी माणसं तो आनंदाने वापरतात, कारण तो प्रश्न स्पष्ट आहे. सूचक बोलणं, टोमणे, रुसवे त्यांना कळायला वेळ लागतो. सरळ सांगितलेलं मात्र ती विसरत नाहीत.

मुलींचं दुखणं इथे जास्त आहे. कमी बोलणारा, मुद्द्याचं बोलणारा मुलगा गंभीर ठरतो. तशीच मुलगी "फटकळ", "हिला माणसं नकोत" म्हणून हिणवली जाते. हळदीकुंकवाला ती कोपऱ्यात बसली तर आईला दहा जणी विचारतात. स्वभावातला फरक कुठून येतो हे पाहणाऱ्या जुळ्यांच्या अभ्यासांत माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक निघतो. त्या मुलीने हट्टाने हा स्वभाव घेतलेला नाही. तिला चारचौघांत "बोल ना गं जरा!" असं म्हटलं की ती आणखी मिटते, हे मी पाहत आलोय आणि मला ते फार लागतं.

मग बदलायचं की नाही? इथे संशोधन एका बाजूला झुकत नाही, आणि ते बरंच आहे. बोलकं वागल्यावर अंतर्मुखांनाही त्या वेळी बरं वाटतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की आपल्याला किती बरं वाटेल याचा अंदाज अंतर्मुख माणसं आधी कमीच बांधतात. त्यामुळे छप्पन दुकान या खाऊगल्लीत येण्याचं मित्रांचं बोलावणं दर वेळी टाळण्यात थोडं नुकसान असतं. पण २०१७ साली फिनलंडमधल्या अभ्यासात असंही आढळलं की बोलकं वागल्यावर काही तासांनी थकवा येतो, आणि तो बहिर्मुखांनाही येतो. २०१९च्या मेलबर्नमधल्या प्रयोगात लोकांना आठवडाभर मुद्दाम बहिर्मुख वागायला सांगितलं. एकूणात लोकांना बरं वाटलं. ठाम अंतर्मुखांना मात्र फायदा कमी झाला, थकवा आला आणि आपण खोटं वागतोय असंही वाटलं. माझ्या मते यातून निघणारा व्यवहार साधा आहे. लग्नाला जावं, दोन तास थांबावं, आणि परतल्यावर कुणी "लगेच खोलीत का गेलास?" असं विचारू नये. बैठकीत या मुलाचं मत हवं असेल तर विषय आदल्या दिवशी सांगावा.

एका बाबतीत मात्र घरच्यांनी चार अक्षरांवर अजिबात विसंबू नये. जन्मजात अबोल मुलाला त्याच्या आवडीच्या विषयावर छेडलं की तो खुलतो, त्याची झोप आणि भूक ठीक असते, एक-दोन मित्र टिकून असतात. एरवी बोलणारं मूल दोन-तीन आठवडे गप्प झालं, आवडीच्या गोष्टीही सोडून दिल्या, झोप उडाली किंवा दिवसभर झोपूनच राहिलं, तर तो स्वभाव नव्हे. गावाहून येऊन भंवरकुआँला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांमध्ये हे कळायला उशीर होतो, कारण आधी तो कसा होता हे जवळच्या कुणालाच ठाऊक नसतं. "मी तर आयएनटीपी आहे, मला एकटंच बरं वाटतं" असं तो स्वतःच सांगतो आणि मित्र मान डोलावतात. अशा वेळी त्याच्या घरी फोन करावा, मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जावं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.