मंत्रचळ, व्यसन आणि मधली हद्द

पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांत सोवळ्याच्या आड अनेकांचा मंत्रचळ झाकून गेला. मंत्रचळ म्हणजे ओसीडी: नकोसे विचार छळतात आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावतात, असा आजार. तीच कळशी पुन्हा पुन्हा धुतली जायची, बोटांच्या बेचक्यांत भेगा पडायच्या आणि घरचे कौतुकाने म्हणायचे, 'तिचं सोवळं फार कडक.'

१९६६च्या सुमारास लंडनमध्ये उपचाराची वेगळी वाट सापडली. घाण वाटणाऱ्या वस्तूला हात लावायचा आणि नंतर धुवायचं नाही. त्यासाठी रुग्णाच्या खोलीतलं पाणीच बंद ठेवलं होतं. तगमग वाढते आणि काही न करताही ओसरते, हा अनुभव रुग्णाला मिळणं म्हणजेच उपचार. औषधांची जोड नंतर मिळाली.

मंत्रचळ कुठे संपतो आणि व्यसन कुठे सुरू होतं, हा खरा वाद मात्र २०१३चा. मनोविकारांच्या अमेरिकी नियमावलीने त्या वर्षी मंत्रचळ चिंताविकारांतून काढून त्याचा वेगळा गट केला. केस उपटणं, त्वचा खरवडणं, वस्तूंचा साठा करणं हेही त्यात आलं. जुगार व्यसनांत गेला. लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणं या निदानाचा प्रस्ताव मात्र फेटाळला गेला. २०१९मध्ये मंजूर झालेल्या आणि २०२२पासून लागू असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाने ते निदान स्वीकारलं, पण व्यसनांत न घालता आवेग न आवरण्याच्या विकारांत ठेवलं. शिवाय, केवळ नैतिक अपराधीपणापोटी होणारा त्रास निदानाला पुरेसा नाही, असंही स्पष्ट केलं. माझ्या मते हे वाक्य सगळ्यात मोलाचं. आपल्याकडे लाज आणि आजार यांची गल्लत रोज होते. व्हिडिओ गेमचं वेड मात्र त्याच वर्गीकरणात व्यसन ठरलं, आणि त्यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

ही हद्द नुसती कागदावरची नाही. पुण्यात व्यसनमुक्तीचं काम १९८०च्या दशकापासून रुजलेलं आहे, त्यामुळे 'सवय सुटत नाही' म्हटलं की घरच्यांना तीच वाट आधी आठवते. पण दारूची ओढ सुरुवातीला तरी सुखाची असते. मंत्रचळाच्या माणसाला हात धुण्यात सुख नसतं, घटकाभर सुटका असते. त्याला 'मन घट्ट कर' सांगून भागत नाही.

म्हणून आता उपचारात घरच्यांनाही बसवतात. गॅस बंद आहे ना, असं रुग्णाने दहाव्यांदा विचारलं, तर त्याच्यासाठी उठून पाहायचं नाही. हे आईला फार जड जातं. सुरुवात एखाद्या प्रश्नापासून, ठरवून आणि त्याला आधी सांगूनच करतात.