थायरॉईड आणि आयुर्विमा : अर्ज भरण्याआधी वाचा

"मला थायरॉईड आहे," असं सांगत ग्राहक समोर बसतात, तेव्हा आम्हा विमा सल्लागारांचा पहिला प्रश्न असतो, "कमी की जास्त?" थायरॉईड तर सगळ्यांनाच असतो. गळ्यात पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची ती एक ग्रंथी. ती कमी काम करते की जास्त, कशामुळे, आणि औषधाने आटोक्यात आहे का, एवढं विमा कंपनीला हवं असतं. पुष्कळांना हे चटकन सांगता येत नाही. गोळी रोज घेतात, डबीचा रंग पाठ असतो, पण गोळी किती मायक्रोग्रॅमची ते आठवत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त अर्जाला बसण्यापूर्वी डबी समोर ठेवा.

आमचा अनुभव असा की, थायरॉईडमुळे आयुर्विमा सहसा अडत नाही. अडतो तो अर्धवट माहितीमुळे आणि चुकीच्या वेळी केलेल्या अर्जामुळे.

अर्जातला तो एक रकाना

प्रपोजल फॉर्मवर विचारलेलं असतं : "तुम्हाला सध्या कोणता आजार आहे का?" माणूस बेधडक "नाही" लिहितो. चार ओळी खाली प्रश्न येतो : "नियमित औषधे घेता का?" तिथे पेन थबकतं. मग आमच्याकडे बघून विचारतात, "रोजची थायरॉईडची गोळी. ती काय औषधात धरायची?"

हो, धरायची. रिपोर्ट नॉर्मल येतो तो गोळीमुळे. आजार गेला म्हणून नव्हे. यात कोणाचा फसवायचा हेतू नसतो, दहा वर्षं घेतलेली गोळी दात घासण्याइतकी सवयीची झालेली असते. पण विम्याचा करारच पूर्ण विश्वासावर उभा असतो : अर्जदाराला जे माहीत आहे ते त्याने सांगायचं आणि त्यावर कंपनीने हप्ता ठरवायचा. पॉलिसी घेतल्यावर थोड्याच काळात मृत्यू झाला तर कंपनी जुनी कागदपत्रं मागवते, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तारीख असतेच. मृत्यू दुसऱ्याच कारणाने झाला असला तरी लपवलेल्या आजाराचा प्रश्न निघू शकतो. त्याला किती वजन द्यायचं याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, पण उत्तरं देत बसावं लागतं ते वारसाला. तुम्ही तेव्हा नसता. एजंट "हे लिहू नका, उगाच वाढेल" म्हणाला तर त्याचं ऐकू नका. फॉर्मवर सही तुमची असते.

कंपनी काय बघते

अर्ज तपासणाऱ्याला अंडररायटर म्हणतात. त्याच्या डोळ्यांसमोर तुमचा गळा नसतो, हृदय असतं. थायरॉईड कमी पडला आणि उपचार झाले नाहीत, तर कोलेस्टेरॉल वाढतं. जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडंही ठिसूळ होतात. म्हणून रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल, ईसीजी हे सगळं थायरॉईडच्या जोडीने वाचलं जातं.

गोळीवर स्थिर असलेला, बाकी तब्येत चांगली असलेला हायपोथायरॉईडचा, म्हणजे थायरॉईड कमी असलेला, अर्जदार अनेक कंपन्यांकडे नेहमीच्याच हप्त्यात बसतो. यात नवल नाही. १८९१ साली इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी थायरॉईड पार मंदावलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्याआधी या आजाराला खात्रीचा उपाय नव्हता. त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या, ७४ व्या वर्षापर्यंत. आयुष्याचा हिशेब मांडणाऱ्या धंद्यात असा आकडा लक्षात राहतो. आजची गोळी तर त्या अर्कापेक्षा कितीतरी नेमकी आहे.

रिपोर्ट कधीचा, कसा

आमच्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

रक्ताच्या रिपोर्टवरचा टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा थायरॉईडला हुकूम आहे. थायरॉईड कमी पडला की हुकूम वाढतो. म्हणजे टीएसएच वाढलेला दिसला की थायरॉईड मंद. मोठ्या माणसात साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा धरतात. प्रयोगशाळेगणिक ती थोडी बदलते, गरोदरपणात वेगळी असते. रिपोर्टवर छापलेली मर्यादाच बघा.

गोळीचा डोस बदलला की टीएसएच लगेच जागेवर येत नाही. औषध रक्तात निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात, म्हणून डॉक्टर पुन्हा तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी सांगतात. डोस बदलून पंधरा दिवस झालेत आणि तुम्ही विम्याची मेडिकल दिलीत, तर मधल्याच आकड्यावर तुमचा निकाल लागतो. त्यात उपचाराआधीचं वाढलेलं कोलेस्टेरॉल दिसलं की एका आजाराचा भुर्दंड दोनदा बसतो. डॉक्टरांनी डोस ठरवून दिला, तोच चालू राहिला आणि लागोपाठ दोन रिपोर्ट मर्यादेत आले, की अर्ज करा. घरच्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, थांबणं परवडणार नाही, अशी स्थिती असेल तर मात्र वाट पाहू नका. जादा हप्त्याची पॉलिसी घ्या. नंतर फेरविचाराची विनंती करता येते का, ते आधी विचारून ठेवा.

केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगा. काही तपासण्यांत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) खोटा जास्त दिसतो. म्हणजे कागदावर तुम्ही एकदम "जास्त"वाले होता. सहसा निदान दोन दिवस आधी बायोटिन बंद करायला सांगतात. थायरॉईडची गोळी लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तरी नीट शोषली जात नाही; दोन्हींत ४ तासांचं अंतर लागतं. बऱ्याच जणांचा "वाढलेला" टीएसएच निघतो तो एवढ्या कारणाने.

बाकीचे प्रकार

थायरॉईड जास्त असेल, उदाहरणार्थ ग्रेव्ह्ज आजारात, आणि निदान नवं असेल, तर बहुधा "काही महिन्यांनी या" असं उत्तर मिळतं. हा नकार नव्हे, अर्ज पुढे ढकलणं. किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रियेनंतर अनेकांचा थायरॉईड कायमचा कमी होतो आणि रोजची गोळी सुरू होते. तो स्थिरावला की पुढची वाट सोपी.

गाठ असेल तर सोनोग्राफी आणि सुईची तपासणी झाली असल्यास तिचा रिपोर्ट जोडा. "डॉक्टर म्हणाले साधी आहे" हे अंडररायटरला चालत नाही. कर्करोग होऊन गेला असेल तर प्रकार, टप्पा आणि उपचार संपून किती वर्षं झाली यावर सगळं ठरतं. पॅपिलरी प्रकाराकडे कंपन्या बऱ्या नजरेने बघतात, तरी थोडा काळ थांबायला लावतात. गंभीर आजाराचा रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) घेणार असाल तर व्याख्येचं पान स्वतः वाचा. अगदी लहान, सुरुवातीच्या टप्प्यातला थायरॉईडचा कर्करोग त्यातून अनेकदा वगळलेला असतो.

पाच ठिकाणी अर्ज टाकू नका

बहुतेक फॉर्मवर विचारतात : "पूर्वी कोणत्या कंपनीने तुमचा अर्ज नाकारला किंवा पुढे ढकलला आहे का?" घाईत पाच अर्ज टाकले आणि एक फिरला, तर तो डाग उरलेल्या चारांवर लागतो. आम्ही आधी नाव न देता दोन-तीन कंपन्यांकडे विचारणा करतो : वय अमुक, आजार अमुक, टीएसएच एवढा, काय कराल? उत्तर बघून एकाच ठिकाणी अर्ज. यात आठवडा जातो, जाऊ द्या.

आमच्याकडे येताना गेल्या दोन वर्षांचे थायरॉईडचे सगळे रिपोर्ट आणा, बिघडलेलेसुद्धा. डोस कधी बदलला त्या चिठ्ठ्या आणा, आणि हो, गोळीची डबी.

अर्ज दिल्यावर पॉलिसी हातात येईपर्यंत डोस बदलला किंवा नवा रिपोर्ट आला तर आम्हाला कळवा, तोही कंपनीला सांगावा लागतो. पॉलिसी सुरू झाल्यावर आजार वाढला म्हणून वैयक्तिक आयुर्विम्याचा ठरलेला हप्ता सहसा वाढत नाही. मात्र हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करताना तब्येतीचे प्रश्न नव्याने विचारले जाऊ शकतात, आणि तेव्हा तुमचं वय आणि रिपोर्ट दोन्ही आजच्यासारखे नसतील. हप्त्याची तारीख बँकेत लावून टाका.